भुजंगरावांचा नारळ आणि अकरावी सायन्स

तीर्थपुरी
२ डिसेंबर

आबा,

तुमची छकुली पाया पडते. धावड्याला तुम्ही आणि आजी बरे असाल असं धरूनच पुढचं लिहिते, कारण पान एकच आहे आणि काम मोठं आहे.

पोस्टात पाकीट घ्यायला गेले तर पोस्टमास्तर म्हणाले, "आजकाल पत्र कोण लिहितं?" मी सांगितलं, आमचे आजोबा मोबाइल वापरत नाहीत. मोबाइल जवळ असला की त्यांच्या हातातला नारळ उभा राहत नाही. ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे पाणी दाखवणारे भुजंगराव? नारळवाले?" मी हो म्हटल्यावर त्यांनी पाकीट स्वतः चिकटवून दिलं.

आता काम. जानेवारीत आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या दैवशाला मॅडम या वर्षी भडकल्या आहेत. म्हणाल्या, "दर वर्षी पोरं तारा जोडतात, बल्ब लावतात, आणि पोरी 'हात धुण्याचे फायदे' लिहून तक्ता टांगतात. यंदा एकाही मुलीनं तक्ता आणायचा नाही. प्रत्येकीनं असा प्रश्न आणायचा ज्याचं उत्तर तिला माहीत नाही." माझा प्रश्न मी लगेच सांगितला: तळहातावर आडवा ठेवलेला नारळ पाण्याच्या जागी उभा का राहतो?

म्हणून विचारते. नारळ कोणत्या हातावर घेता? शेंडी कुठे असते? उभा राहताना हाताला काय वाटतं? सगळं बारीक लिहा.

दुसरं. दहावीनंतर मला सायन्स घ्यायचं आहे आणि त्यातल्या त्यात फिजिक्स. पप्पा म्हणतात आर्ट घे. "फिजिक्स म्हंजे करंट. पोरीच्या जातीला करंट कशाला?" मी म्हटलं, मिक्सर मीच लावते. ते म्हणाले, "त्याच्यावर मी बोलून राह्यलो का?" आबा, पप्पा या जगात फक्त तुमचं ऐकतात. आमच्या वावरातली बोअर तुम्ही दाखवली आणि ती मे महिन्यातही चालते, म्हणून. तुम्ही एक शब्द टाका.

तुमची,
छकुली (शाळेत प्रियदर्शनी)


धावडा
११ डिसेंबर

लाडाचे छकुले,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, एकदा तुझ्या आजीला वाचून दाखवलं, अन् एकदा पारावर नेलं. तिथं दोन माणसं झोपलेली होती, त्यांना उठवून वाचलं.

मला वाटत होतं ही विद्या माझ्यासंगंच जाणार. पोरगा झाला न्हाई, जावई ट्रॅक्टरच्या नादी. आता कळलं, गादीवर नात बसणार. म्हणून सगळं सांगतो, बाहेर बोलू नको.

नारळ उजव्या तळहातावर आडवा. शेंडी बोटांकडं. पायात चप्पल नको. पाणी पाहायच्या दिवशी वांगं खायचं न्हाई. मी तर चाळीस साल झाले वांग्याला शिवलो न्हाई, तुझ्या आजीच्या हातचं भरलं वांगं सगळं धावडा खातो अन् मी कढी पितो. मोबाइल जवळ नको. माझा मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवलेला हाय. लहर आली की अंगठ्याच्या मुळाशी मुंग्या येतात अन् नारळ आपोआप उठून बसतो, झोपेतून माणूस उठावा तसा.

प्रदर्शनाला मी स्वतः येतो. नवा फेटा काढून ठेवलाय. सत्काराच्या हारात झेंडू घालू नका, मला शिंका येतात.

करंटचं म्हणशील तर तुझ्या बापाचं, अंगदरावांचं, बराबर हाय. करंट वाईटच. पण आपल्या विद्येत करंट बिलकुल न्हाई, निस्ती लहर हाय. तू तीच शीक. अंगदरावांना मी समजावतो.

आबा


तीर्थपुरी
१९ डिसेंबर

आबा,

तुमचं पत्र मॅडमना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि खिडकीबाहेर बघत बराच वेळ खोकल्या.

एक सांगायचं राहिलं. तो सत्कार नाही. म्हणजे शाल आणि नारळ देणार आहेत (नारळ दुसरा, साधा), पण आधी एक प्रयोग आहे. मैदानावर झाकणाची दहा पिंपं मांडायची. पाचांत पाणी, पाचांत वाळू. कशात काय ते फक्त मॅडमना माहीत, आणि त्या वेळी त्या खोलीत बसणार. तुम्ही प्रत्येकापुढे उभं राहायचं, मी लिहून घेणार. तुम्ही दहाच्या दहा बरोबर सांगाल अशी माझी खात्री आहे. मॅडम म्हणतात आधी खात्री असू नये. पण मला आहे.

नको वाटत असेल तर आत्ताच कळवा.

छकुली


धावडा
२७ डिसेंबर

छकुले,

दहा कशाला? पन्नास मांड.

आबा


धावडा
१३ जानेवारी

पोचलो.

भुजंग


तीर्थपुरी
१६ जानेवारी

आबा,

तुम्ही जेवायला न थांबता निघून गेलात. आईनं तुमच्यासाठी केलेल्या पुरणपोळ्या आम्ही दोन दिवस खाल्ल्या आणि एकही गोड लागली नाही. कार्डावर तुम्ही नुसतं 'भुजंग' लिहिलंत. मला तुम्ही कधी भुजंग नव्हता.

प्रदर्शनाच्या वहीत मी काय लिहिलं ते जसंच्या तसं उतरवून पाठवते. तुमच्याबद्दल एक अक्षर वाकडं लिहिलेलं नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून.

"प्रयोग सुरू होण्याआधी श्री. भुजंगराव यांच्या सांगण्यावरून मैदानावरील सर्वांनी मोबाइल बंद केले. हेडसरांना मोबाइल बंद करता येत नसल्याने तो शिपायाबरोबर वेशीबाहेर पाठवण्यात आला.

"पिंप एक: नारळ उभा राहिला. आत वाळू निघाली. पिंप दोन: नारळ उभा राहिला. आत पाणी निघाले. टाळ्या. पिंप तीन: नारळ आडवा राहिला. आत पाणी निघाले. श्री. भुजंगराव म्हणाले, हे पाणी शिळे आहे.

"पिंप सहा व सात यांच्यामध्ये हेडसर उभे होते. नारळ हेडसरांच्या पोटासमोर ताठ उभा राहिला व बराच वेळ पडेना. माणसाच्या शरीरात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. त्यामुळे हे उत्तर बरोबर धरावे का, यावर मतभेद झाले. हेडसर धरू नये असे म्हणाले.

"एकूण दहापैकी चार बरोबर. नुसता अंदाज केला तरी साधारण पाच बरोबर येतात. सातवीतल्या एका मुलीने नाणे उडवून सांगितले, तिचे सहा आले.

"निष्कर्ष: नारळाचा बुडखा गोल असतो. तळहाताच्या खळग्यात तो जेमतेम तोललेला असतो. हात गव्हाच्या दाण्याएवढा कलला तरी तो उठतो. हात कलला हे धरणाऱ्याला स्वतःलाही कळत नाही. त्यामुळे तो खोटे बोलत नसतो."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, आबा. ते वाचायच्या आधीच तुम्ही एसटीत बसलात.

माझा दुसरा नंबर आला. पहिला ज्वालामुखीचा आला. तो दर वर्षी येतो.

पप्पा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आईला म्हणाले, "हिनं माझ्या सासऱ्याची इज्जत भरल्या मैदानात घालवली. हेच शिकायचं असंल तर सायन्सचं नाव घरात घ्यायचं न्हाई." माझी बाजू घेणारा एकच माणूस होता आणि मी त्याचीच परीक्षा घेतली. आई नंतर मला म्हणाली, "आबांना राग येत न्हाई, आबांना वेळ लागतो."

किती वेळ लागतो?

छकुली


धावडा
४ मार्च

लाडाचे छकुले,

राग आल्ता. खोटं कशाला बोलू. एसटीत मी सिल्लोडपर्यंत कुणाशी बोललो न्हाई, अन् सिल्लोड माझ्या वाटंवर बी न्हाई. चुकीच्या गाडीत बसल्तो.

घरी आल्यावर म्हणलं, पोरीनं पिंपं कच्ची मांडली असतील. आपण बराबर मांडू. तुझ्या आजीला कामाला लावलं. ती परसात वीस बादल्या मांडती, दहांत पाणी, दहांत माती, वर ताटल्या. मी आत तोंड फिरवून बसतो, मंग नारळ घेऊन येतो. रोज वीस डाव. दहा दिवसांत दोनशे झाले. सगळं वहीत लिहिलं. दोनशांत एकशे तीन बराबर.

म्हणलं, काही तरी चुकून राह्यलं. पाच दिवस चप्पल घालून केलं, पाच दिवस अनवाणी. फरक न्हाई. मोबाइल पिठाच्या डब्यातून काढून खिशात ठेवून केलं. फरक न्हाई. (मोबाइल मात्र चालत न्हाई, त्याच्या पोटात पीठ गेलं. तू पत्रच लिही.) शेवटी देवाचं नाव घेऊन भरलं वांगं खाल्लं, अन् त्या दिवशी विसांत अकरा आले. न खाता दहा.

चाळीस साल, छकुले! चाळीस साल मी कढी प्यालो!

तुझी आजी हसून हसून ओट्याला टेकली. आता रोज वांगं करती. मी खातो अन् मला राग येतो, अन् पुन्हा वाढ म्हणतो.

पण मंग मला दुसरा सवाल पडला. नारळाला कळत न्हाई, तर एवढ्या बोअरींना पाणी लागलं कसं? समद्या लागल्या असं न्हाई. एका गड्याच्या बोअरीतून निस्ती धूळ उडाली, तो अजून माझा रामराम घेत न्हाई. पण पुष्कळ लागल्या. मी आठवत बसलो. मी वावरात गेलो की आधी तासभर हिंडतो. लोकांना वाटतं मंत्र म्हणून राह्यला. मी बघतो, उतार कुठं उतरून राह्यला. शेजारच्या विहिरीला झरा कोणत्या अंगानं हाय. उंबर कुठं उगवला. ओढ्याच्या कडंला खडक कसा उघडा पडलाय. काळा पाषाण असला तर मी पुढं चालतो. भोकाभोकाचा मांजऱ्या खडक दिसला तर थांबतो. मी थांबतो, अन् मंग नारळ उभा राहतो. मला वाटायचं नारळानं थांबवलं.

ह्या खडक बघायच्या कामाला तुझ्या शाळेत काही नाव हाय का?

आबा


तीर्थपुरी
२४ मार्च

आबा!

परीक्षा संपली. तुमचं पत्र मी विज्ञानाच्या पेपराआधी वाचलं आणि पेपरात मला मधेच हसू आलं. पर्यवेक्षकांनी माझी उत्तरपत्रिका उलटसुलट करून तपासली.

आहे ना नाव! भूगर्भशास्त्र. मॅडमना तुमची वही सांगितली तर त्या म्हणाल्या, दोनशे डाव तर मोठमोठे शिकलेले लोकही करत नाहीत. त्यांनी मला आणखी एक सांगितलं. पाणी शोधायचं खरं यंत्र असतं. जमिनीत ओळीनं सळया ठोकतात, त्यातून करंट सोडतात आणि खालचा खडक त्या करंटला किती अडवतो ते मोजतात. ओला खडक कमी अडवतो, कोरडा जास्त. करंट, आबा! पप्पांचा करंट! आणि ते शिकायला आधी अकरावीला फिजिक्स लागतं.

पप्पा आता बोलतात, पण आर्टवरच अडून आहेत. नवीन कारण काढलंय. "चाळीस पोरांत एकटी पोरगी बसणार का? निदान पाच पोरी असल्या तर बघू." मी मैत्रिणींना विचारलं. प्रत्येकीचे वडील हेच म्हणतात. मुली नाहीत म्हणून मुली जात नाहीत. मॅडम घरोघर जाऊन आल्या, चहा सगळ्यांनी पाजला, हो कुणीच म्हटलं नाही.

मला उद्या वडीगोद्रीला मावशीकडे पाठवताहेत. तिला बाळ झालंय, मदतीला कुणी नाही. मे संपेपर्यंत तिथेच. मी तिथे दुपटी धुणार आणि इथे पप्पा फॉर्म भरून टाकणार. काही तरी करा.

छकुली


तीर्थपुरी (तुझ्याच घरी, तुझ्याच टेबलावर)
१९ एप्रिल

छकुले,

चार दिवस झाले इथं मुक्काम ठोकलाय. तुझ्या खुर्चीचा एक पाय लंगडा हाय, तो नीट केला.

आल्याबराबर अंगदरावांना म्हणलं, "पोरीला फिजिक्स घेऊ द्या."

ते म्हणाले, "मामा, तुमचीच इज्जत घालवली तिनं."

मी म्हणलं, "इज्जत माझी. गेली का राह्यली, ते मी सांगीन."

मंग ते तुझ्या पाच पोरींवर आले. "पाच आणा, मंग बोला." म्हणलं, ठीक. आणतो.

छकुले, आता ऐक अन् खुश हो. मी दहावीच्या पोरींची यादी दैवशालाबाईंकडून घेतली. फेटा बांधला. नारळ घेतला. पोरीच्या अंगणात जायचं, डोळे मिटायचे, हात पुढं करायचा. नारळ ताठ उभा! मंग डोळे उघडून बापाला सांगायचं, "ह्या घरात फिजिक्स हाय. लई खोल हाय, पण गोड हाय. वाया जाऊ देऊ नका." दोन दिवसांत चार घरं केली. चारी बाप तयार! एक तर विचारत होता, केमिस्ट्री बी लागंल का, अजून थोडं पुढं सरकून बघा.

मॅडमला जे महिन्याभरात जमलं न्हाई ते नारळानं दोन दिवसांत केलं. आता बोल.

आबा


वडीगोद्री
२५ एप्रिल

आबा,

बाळ एका हातात आहे, म्हणून अक्षर वाकडं आहे. राग मात्र सरळ आहे.

तुम्ही दोनशे डाव कशाला खेळलात? वांगं कशाला खाल्लंत? मुलींनी विज्ञान शिकावं की नाही, हे तुम्ही नारळाला विचारून आलात! उद्या एखाद्या अंगणात तुमचा हात दुखत असेल, नारळ आडवा राहील, मग त्या मुलीनं काय करायचं? घरी बसायचं? आणि ज्या मुली येतील त्यांना पहिल्याच दिवशी मॅडम सांगणार की नारळाला काही कळत नाही. मग त्या विचारतील, आम्ही इथे कशा आलो?

मला असल्या पाच मुली नकोत. एकटी बसेन, नाही तर आर्ट घेईन.

चारी घरी परत जा आणि खरं सांगा. प्रत्येक घरी. फेटा न बांधता.

प्रियदर्शनी


तीर्थपुरी
७ मे

चि. प्रियदर्शनीस,

(तू तसं नाव लिहिलं, म्हणून मी बी लिहिलं.)

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो न्हाई. दुसऱ्या दिवशी टोपी घालून निघालो.

पहिलं घर सोमेश्वरचं. मेंढरं राखणारा माणूस, आवाज असा की वावरापल्याड जावा. त्याला म्हणलं, "सोमेश्वर, नारळ मी उभा करतो. मला कळत नव्हतं, आता कळतं. माझ्या शब्दावर पोरगी पाठवू नको." तो खवळला. म्हणाला, "मंग पोरगी बिलकुल जाणार न्हाई." एवढ्यात त्याची उषा कोकरू काखेत घेऊन आली अन् म्हणाली, "मला त्या दिवशीच कळलं होतं. आबांचा अंगठा दाबला जातो, मंग नारळ उठतो. पुन्हा करा, दाखवते." मी केलं. तिनं अंगठ्यावर बोट ठेवलं अन् म्हणाली, "हे बघा. आता!"

सोमेश्वर उडालाच. "भुजंगरावाला पकडलं! समद्या जिल्ह्यात कुणाला जमलं न्हाई, माझ्या पोरीनं पकडलं!" भिंतीवरून शेजाऱ्याला वरडून सांगितलं. मला चहा पाजला, तीनदा नारळ उभा करायला लावला, तीनदा पकडवून घेतलं. मंग म्हणाला, "कुठं असती ती फिजिक्स? नाव घाला."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढच्या घरी आधीच सांगितलं, "नारळाला काही कळत न्हाई, ही लबाडी हाय. पोरीला बोलवा, ती कशी ते तिनं सांगायचं." रामकिसनच्या पोरीला पकडता आलं न्हाई. ती रडकुंडीला आली, पण सोडंना. नारळ माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या हातावर शंभरदा मांडला, पट्टी आणली, कोनमापक आणला. संध्याकाळी मला घरी बोलावून तिनंच उभा करून दाखवला. तिचं बी नाव. तिसरी म्हणाली, "तुम्ही श्वास धरता." बराबर पकडलं, पण तिला पोलिसात जायचं हाय, फिजिक्स नको म्हणाली. मी म्हणलं, लवकर जा, गरज हाय. चौथीचा बाप काही केल्या माननाच.

मंग पुढं नवी घरं केली. आता लोकच बोलावून राह्यलेत. "आमच्या पोरीची बी परीक्षा घ्या." रोज दोन-तीन ठिकाणी पकडला जातो. चाळीस सालांत एवढा मान मिळाला न्हाई.

आजपर्यंत चार नावं पक्की. चारी पोरींनी मला बराबर पकडलेलं हाय.

आता तरी छकुली म्हणू का?

आबा


वडीगोद्री
१५ मे

आबा,

म्हणा.

निकाल लागला. विज्ञानात त्र्याण्णव. मावशीनं बाळाला पेढा चाटवला आणि ते शिंकलं.

पप्पांचा फोन आला होता. शाब्बास म्हणाले आणि मग म्हणाले, "चारच झाल्या. पाच न्हाईत."

छकुली


धावडा
३ जून

लाडाचे छकुले,

तू तीर्थपुरीला पोचली असशील. घरी काय झालं ते तुला अर्धं कळलं असंल, कारण तुझा बाप अर्धंच सांगणार अन् तुझी आई सांगणारच न्हाई. म्हणून मी लिहितो.

निघायच्या आदल्या दुपारी अंगदरावांना म्हणलं, "चार पोरी झाल्या. पाचवी तुमची."

ते म्हणाले, "ती मोजायची न्हाई. तिच्या सोबतीला पाच पाहिजेत."

"चार अन् एक किती, अंगदराव? हा सायन्सचा सवाल न्हाई, पहिलीतला हाय."

ते चिडले. म्हणाले, "मामा, त्या पोरींना तुम्हीच आधी शिकवून ठेवता. माझ्यासमोर करा. बघू कोण पकडतं." मी नारळ घेतला. उभा केला. ते वाकून बघून राह्यले. पुन्हा केला. ते खाली बसले, माझ्या हाताखाली डोकं घालून बघितलं. तिसऱ्यांदा चष्मा लावला. अंगठा बघितला, बोटं बघितली. काही सापडंना. मला लई मजा येऊन राह्यली होती.

तुझी आई, शीतल, पलीकडं कुरडया घालत होती. तिनं मान वर न करता म्हणलं, "भुवई."

"काय?"

"आबांची डावी भुवई आधी वर जाती. मंग नारळ."

अंगदरावांनी बघितलं. भुवई वर गेली अन् नारळ उभा. दुसऱ्यांदा बी. छकुले, ते मला बी माहीत नव्हतं.

ते म्हणाले, "तुला कवापासून माहीत?"

"आठ वर्षांची होते तवापासून."

"मंग बोलली का न्हाई?"

"कुणी विचारलं न्हाई."

मी हसलो. म्हणलं, "माझी पोरगी! बघा!" तवा ती उठून आली, हाताला चीक तसाच. म्हणाली, "आबा, मी नववी पास झाले तवा शाळा पुढं ठेवायची का न्हाई ते तुम्ही नारळाला विचारलं होतं. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. आईशप्पथ आठवत नव्हतं. पोरीची शाळा म्हंजे मला तवा बैल बाजारात न्यायचा का न्हाई, एवढीच गोष्ट होती.

ती म्हणाली, "मी दारात उभी राहून तुमची भुवई बघत होते. ती हललीच न्हाई."

तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती परत जाऊन कुरडया घालायला बसली. अंगदरावांनी माझ्या हातातला नारळ घेतला, बाहेर नेला अन् पायरीवर फोडला. खोबरं तिच्यासमोर ठेवलं अन् तिला विचारलं, "पोरीचा फॉर्म भरू का?" मला विचारलं न्हाई, तिला विचारलं. ती म्हणाली, "भरा."

दुसऱ्या दिवशी धावड्याला आलो तो घरी न जाता थेट शाळेत गेलो. शीतलचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. क्लार्कनं जुनं रजिस्टर शोधून काढून दिला. त्यात एक रकाना असतो, शाळा सोडल्याचं कारण. तिथं लिहिलंय, 'वडिलांची इच्छा'.

दाखला सोबत पाठवतो. क्लार्क म्हणाला, सतरा नंबरचा फॉर्म भरला तर बाहेरून दहावीला बसता येतं. वयाची अट न्हाई म्हणतो. मी तुझ्या आईला बस म्हणणार न्हाई अन् बसू नको बी म्हणणार न्हाई. मी एकदा ठरवलं, ते पुरे झालं. कागद तेवढा तिच्या हातात दे.

आबा


तीर्थपुरी
२१ ऑगस्ट

आबा,

कॉलेज सुरू झालं. आम्ही पाच जणी पहिल्या दोन बाकांवर बसतो. उषा मेंढरं सोडून येते, म्हणून तिला पाच मिनिटं उशीर होतो, आणि सर तिच्यासाठी थांबतात, कारण प्रश्न तीच विचारते. काल तिनं विचारलं, वीज पडते तेव्हा मेंढरं एकत्र उभी का करू नयेत. सरांनी सांगितलं, उद्या बघून सांगतो.

पप्पा मला रोज सोडायला येतात आणि फाटकावर ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगतात, "आमची फिजिक्सला हाय." परवा घरातलं बटण बिघडलं तर म्हणाले, "छकुले, करंट तुझ्याकडं." आणि स्वतः अंगणात जाऊन उभे राहिले.

तुम्ही भोकरदनच्या शाळांतही जाऊन पकडले जाताय असं मॅडमकडून कळलं. जपून जा. आणि वांगं रोज खाऊ नका, आजीनं तक्रार केली आहे.

उरलेल्या जागेत आईला लिहायचं आहे. तिनं मला खोलीबाहेर काढलं आहे, म्हणून ती काय लिहिते ते मला माहीत नाही.

छकुली


आबा,

दाखला मिळाला. आठ दिवस पिशवीत ठेवला, मंग काढला. फॉर्म भरला. फॉर्म बराबर भरलाय, दैवशाला मॅडमनी तपासला.

सकाळी डबे झाले की पुस्तक घेऊन बसते. विज्ञानाचा पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा हाय. छकुली शिकवती, पण लई घाई करती. मी तिला थांबवते अन् पुन्हा विचारते. तिला राग येतो. येऊ द्या.

तुम्ही सिल्लोडमार्गे येणार असाल तर या. पण बसून गप्पा मारता येणार न्हाईत. मार्चपर्यंत कुणाच्या लग्नाचं, बारशाचं मला सांगू नका. अभ्यास हाय.

शीतल
इयत्ता दहावी